बिल्लेवालीचा दिवस

त्या वर्षी पाणथळीतलं पाणी गुडघ्याच्या खाली आलं आणि माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली. खरं सांगायचं तर पोटात आधीपासूनच दुखत होतं. पाणी आटलं तसं ते उघडं पडलं, इतकंच.

आमच्या गावाचं पोट लव्हाळ्यावर. पाणथळीत लव्हाळा उगवतो. तो कापायचा, सोलायचा, वाळवायचा, परत भिजवायचा आणि मागावर चटई विणायची. व्यापारी ट्रक घेऊन येतो, चटया उचलतो. पाणथळ सगळ्या गावाची, पण पाण्यात उतरायचा हक्क बिल्ल्याला. ज्याच्या गळ्यात पितळी बिल्ला, त्याला कापायला पाण्यातला एक पट्टा. असे चाळीस बिल्ले. एकोणचाळीस बाप्यांच्या गळ्यात आणि एक तिच्या.

तिला सगळं गाव बिल्लेवालीच म्हणायचं. ओढ्यापलीकडे त्यांच्यातली तीन घरं आहेत, बाकी सगळं गाव आमच्यातलं. आमचं प्रार्थनाघर दगडी, मोठ्या दरवाजाचं. त्यांचं म्हणजे पत्र्याची एक खोली, बाहेरून पाहिलं तर कुणाची तरी अडगळ ठेवलीय असं वाटावं. पण त्यांच्यात आईचं मुलीकडे जातं. हिच्या आजीचा बिल्ला आईकडे आला, आईचा हिच्याकडे. नवरा घरात माग चालवतो, ही पाण्यात उतरते, आणि व्यापारी आला की हीच पुढे होते. नवरा मागे उभा राहून मान डोलावतो. तोंड उघडायची वेळ त्याच्यावर येतच नाही बिचाऱ्यावर.

आमच्यात बाई विणते आणि चटई घरातल्या बाप्याची होते. माझा नवरा गेला त्याला तीन वर्षं झाली. सासऱ्यांचा बिल्ला मोठ्या दिराच्या गळ्यात होता, तो तसाच राहिला. मी त्यांच्या पट्ट्यात कापायची, त्यांच्या मागावर विणायची, त्यांच्या ताटात जेवायची. मला कुणी उपाशी ठेवलं नाही, हेही सांगून टाकते. कुणी हात उगारला नाही. पण एकदा व्यापाऱ्याने आमच्या ढिगातून एक चटई ओढली, उलटी केली, नखाने वीण खरवडून पाहिली आणि विचारलं, "ही कुणाच्या हातची?"

मी मागाची फणी हातात धरून दोन पावलांवर उभी. जाऊबाई म्हणाल्या, "आमच्या घरची."

"घर विणतं होय?" व्यापारी हसला. भाऊजी हसले. मग मीही हसले, काय करणार.

आणि पलीकडे बिल्लेवाली कमरेवर हात ठेवून भाव करत होती. तिच्या चटईच्या कोपऱ्यात लाल दोरा असायचा, दोन बोटं रुंद. ती तिची खूण. "परवडत नसेल तर राहू दे," ती व्यापाऱ्याला चक्क म्हणाली, "ट्रक रिकामा पळव. हलका पळतो." आणि त्याने मुकाट्याने तिने सांगितला तो भाव दिला. माझी वीण तिच्यापेक्षा घट्ट होती. एक तसूभर तरी घट्ट. मला रात्रंदिवस तो लाल दोरा डोळ्यात खुपायचा.

वर ती माझ्याशी चांगली वागायची, हा आणखी ताप. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या की ती स्वतःच्या डबीतलं मलम माझ्या हातावर काढायची. "अगं, लाव. रडत बसू नकोस." मी लावायची. मलम गुणकारी होतं. त्याचाही मला रागच यायचा.

त्या वर्षी उन्हाळ्याआधी एक म्हातारा कापणारा वारला. मागे कुणी नव्हतं. त्याचा बिल्ला पंचांच्या खणात पडला. मी तीन दिवस स्वतःशी बोलत विणत होते, मग एका दुपारी उठले आणि कारकुनाकडून अर्ज लिहून घेतला. जाऊबाईंना कळलं तेव्हा त्यांचा हात पिठातच राहिला.

"अगं, बिल्ला? तुला?"

"का? पाण्यात कोण उतरतं रोज?"

"उतरतेस गं. पण बिल्ला म्हणजे पंचांसमोर बसायचं, व्यापाऱ्याशी बोलायचं. आमच्यात कुठली बाई बसलीय आजवर?"

"बिल्लेवाली बसते."

"त्यांच्यात चालतं," जाऊबाई म्हणाल्या आणि पीठ मळायला लागल्या. विषय संपला.

बैठक प्रार्थनाघराच्या शेजारच्या हॉलमध्ये असते. बैठकीला बायका आत जात नाहीत. मी ओसरीवर, चपला काढून ठेवतात तिथे उभी राहिले. खिडकीतून आत बाप्यांच्या पाठीच पाठी दिसत होत्या. आणि दाराजवळच्या खुर्चीवर बिल्लेवाली बसलेली. खुर्चीवर! तिच्याकडे बिल्ला होता, म्हणजे तिला खुर्ची देणं भाग होतं. पायावर पाय टाकून बसली होती. मी चपलांच्या ढिगात उभी होते आणि ती खुर्चीत. त्या क्षणी मला अर्ज नको होता, बिल्ला नको होता, फक्त ती खुर्ची तिच्याखालून ओढावी असं वाटलं.

माझा अर्ज वाचला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मोठे पंच म्हणाले, "ज्यांचं मत असेल त्यांनी हात वर करा." तेवढ्यात पुढचे लोक उभे राहिले आणि मला काहीच दिसेना.

कारकून बाहेर आला. "नाही झालं, बाई. एकच हात वर झाला."

"कुणाचा?"

"नावं सांगायची नसतात." तो चपला शोधायला लागला.

बिल्ला मोठ्या पंचांच्या पुतण्याला गेला. त्याला विळा कोणत्या बाजूने धरतात तेही माहीत नव्हतं. घरी येताना मी त्या एका हाताचाच विचार करत होते. कोण असणार? भाऊजीच. घरची अब्रू म्हणून का होईना, माणूस हात वर करणारच. मला आपलं भरून आलं. संध्याकाळी मी त्यांचा विळा काढला, दगडावर पाणी मारून घासला आणि अशी धार काढून ठेवली की अंगठ्याचे केस उडावेत. भाऊजी म्हणाले, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही."

मग वारं सुटलं. कोरडं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखं. पाणी रोज बोटभर खाली जायला लागलं. लव्हाळ्याचे शेंडे वाळायला लागले. एरवी पाणथळ खुली करायचा दिवस पंच ठरवतात आणि त्यात दोन दिवस नेहमी टाळतात: एक आमचा प्रार्थनेचा, एक त्यांचा पाळायचा. त्यांच्यात सात दिवसांतून एक दिवस विळा धरत नाहीत, माग चालवत नाहीत, दोरीला गाठसुद्धा मारत नाहीत. जेवण आदल्या दिवशी करून ठेवतात. स्वच्छ कपडे घालून बसतात. तीन घरांसाठी सगळं गाव तो दिवस टाळायचं, कुणाच्या तरी आजोबांच्या काळापासून. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

हॉलमधली चटई फाटली होती. जाऊबाईंनी मला नवी घेऊन पाठवलं. मोठे पंच एकटेच होते, कागद चाळत. मी चटई अंथरली, कोपरे दाबले आणि उठलेच नाही.

"काका, लव्हाळा पिवळा पडतोय."

"दिसतंय ना. पुढच्या आठवड्यात खुली करू."

"पुढच्या आठवड्यात काड्या होतील त्याच्या. मोडेल मागावर. परवाच करा."

त्यांनी भिंतीवरच्या तारखांकडे पाहिलं. "परवा त्यांचा दिवस आहे."

मी चटईचा कोपरा आणखी दाबला. "एका घरासाठी चाळीस घरांचा लव्हाळा वाळवायचा का?"

त्यांनी कागद खाली ठेवला. मला वाटलं आता रागावतील. मी पुढे बोलले, आणि ते बोलताना माझा आवाज मला जाऊबाईंसारखा वाटला. "नियम काय आहे, काका? खुली करायच्या दिवशी घंटा झाली तेव्हा जो पाण्यात नाही, त्याचा बिल्ला जमा. सगळ्यांना सारखाच नियम ना?"

"सारखाच," ते म्हणाले. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तू मागे अर्ज केला होतास."

"हो."

"एखादा मोकळा झाला, तर बघता येईल."

एवढंच बोलले. मी घरी आले ती अक्षरशः उडत आले. दोन दिवस मी काय विणलं मला आठवत नाही. मागावर बसले की माझ्या चटईच्या कोपऱ्यात मी रंग बघायची. लाल नको, लाल तिचा. निळा घ्यावा का पिवळा?

त्याच संध्याकाळी दवंडी फिरली तेव्हा बिल्लेवाली ओढा ओलांडून पंचांकडे गेली. तिच्या मागे तिचा नवरा. हातात जुना, घडीवर फाटलेला कागद. मी आमच्या अंगणात लव्हाळा निवडत होते, रस्ता समोरच. पंच दारात उभे राहून बोलत होते आणि तिचा आवाज इथवर येत होता.

"हा कागद तुमच्या आजोबांच्या सहीचा आहे. दोन्ही दिवस सोडायचे असं लिहिलंय."

"तेव्हा पाणी होतं, बाई. आता नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"मग तुमच्या दिवशी खुली करा ना! तो तर उद्याच आहे. एक दिवस आणखी लवकर. लव्हाळा आणखी चांगला मिळेल."

पंचांनी दार लावून घेतलं. ती परत जाताना माझ्यासमोर थांबली.

"ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणाले. मान वर केली नाही. निवडलेल्या काड्या परत निवडत राहिले.

"कुणाच्या डोक्यातून निघालं असेल गं हे?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. ती गेली. पस्तावा म्हणाल तर नाही. मला फक्त भीती होती, की ती तो दिवस मोडून पाण्यात उतरेल आणि माझा निळा दोरा राहून जाईल.

त्या सकाळी सगळे पाण्यात. पाणी पोटरीपर्यंत, खाली गार काळा चिखल, पाय टाकला की बुडबुडे. भाऊजी पुढे, गळ्यात बिल्ला, मी त्यांच्या मागे दोऱ्या घेऊन. तिचा पट्टा आमच्या पट्ट्याला लागून होता आणि तो सगळ्या पाणथळीत उजवा, कारण तिथे झऱ्याचं तोंड आहे. आमच्याकडचा लव्हाळा पिवळा, तिच्याकडचा हिरवागार, डोक्यावर दोन हात. तो मोकळा होता. मी काठाकडे बघत होते.

ती आली. स्वच्छ धुतलेले कपडे, विंचरलेले केस, गळ्यात बिल्ला. हातात विळा नाही, पाय कोरडे. काठावर येऊन उभी राहिली.

"मी हजर आहे," ती म्हणाली.

मोठे पंच झाडाखाली होते, तिथे घंटा म्हणून लोखंडाचा तुकडा टांगलेला असतो. "पाण्यात उतर मग."

"आज उतरत नाही. पण हजर आहे. चाळीस माणसांनी बघावं."

"हजर म्हणजे पाण्यात. विळा हातात."

"आज विळा धरत नाही मी. तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वडिलांनाही माहीत होतं."

 एकोणचाळीस घरांतली माणसं पाण्यात उभी होती. पुढच्या पट्ट्यातला एक जण चिखलातून पाय काढून परत तिथेच ठेवत होता. पंचांनी लोखंड वाजवलं. सगळे वाकले, विळे सुरू झाले. मीही वाकले. मूठ धरायची, ओढायची, कापायची, मागे टाकायची. लव्हाळ्याच्या कडा मनगटाला चिरत होत्या. प्रत्येक मुठीला मी बघत होते, आणि प्रत्येक मुठीला ती तिथेच होती, कोरड्या पायांनी. ती रडत असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी होती, आणि घामाने, चिखलाने बरबटलेली मी होते.

दुपारी पंच तिच्यापाशी गेले. हात पुढे केला. तिने गळ्यातून बिल्ला काढला. त्यांच्या हातात दिला नाही, शेजारच्या दगडावर ठेवला. दोरी नीट गुंडाळून वर ठेवली. मग गेली.

तिसऱ्या दिवशी बैठक झाली. मी ओसरीवर गेलेच नाही, आपला बिल्ला आपल्याकडे येणार याची मला खात्री. घरी माग पुसून ठेवला. निळ्या दोऱ्याचं बंडल दुकानातून आणलं होतं, ते उशीखालून काढून पुढ्यात ठेवलं. भाऊजी आले. त्यांच्या गळ्यात दोन बिल्ले.

"घे," ते जाऊबाईंना म्हणाले, "झऱ्याचा पट्टा आपल्याला मिळाला."

मी उभी राहिले. "तो माझा आहे."

"तुझा म्हणजे? घरातच आला ना. तुझं न् माझं वेगळं आहे काय?"

"काका मला म्हणाले होते."

"मग काकांना विचार."

मी तशीच गेले. पायात चप्पलही नव्हती. मोठे पंच मी विणलेल्या चटईवर बसून चहा पीत होते.

"काका, तुम्ही म्हणाला होतात."

"बघू म्हणालो होतो. बघितलं." ते बशीत चहा ओतत म्हणाले. "तुझ्या दिरानेच मागितला. घर एकच. आणि बाईच्या नावावर द्यायचा म्हणजे नवी प्रथा पाडायची."

"नवी कशी? तिच्या नावावर होता!"

"होता. ते त्यांच्यात. तेव्हा कुणी बोललं असतं, की एका बाईला आहे तर दुसरीला द्या, तर मला नाही म्हणायला तोंड नसतं. आता गावात एकाही बाईच्या गळ्यात बिल्ला नाही. कशाच्या जोरावर देऊ?" त्यांनी चहाचा भुरका मारला. "तूच तर म्हणालीस, नियम सगळ्यांना सारखा."

मी तिथून कशी आले मला माहीत नाही. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला तर हातात निळा दोरा होता, तोही मी मुठीत घेऊन गेले होते. घरी भाऊजी हातपाय धूत होते. मला रडू फुटलं आणि मी रडत रडतच म्हणाले, "निदान तुम्ही तरी त्या दिवशी माझ्यासाठी हात वर केला होता, भाऊजी. मग आज का असं?"

"हात? मी?" भाऊजींनी तांब्या खाली ठेवला. "मी कशाला करू? चारचौघांत हसं करून घ्यायचं होतं का मला?"

ते खरंच चकित झाले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. म्हातारा गेल्यावर त्या हॉलमध्ये एकोणचाळीस माणसं उरली होती. अडतीस बापे. मी तिथेच, धुणं धुवायच्या दगडावर खाली बसले.

भाऊजींकडे आता दोन पट्टे झाले आणि कापायला माणसं कमी. पुढचा आठवडा लागला तसं त्यांनी मजुरीवर एक बाई ठेवली. पट्ट्याची माहिती असलेली हवी, म्हणून तिलाच. सकाळी मी झऱ्याच्या पट्ट्यात उतरले तर ती आधीच कमरेत वाकलेली, स्वतःच्या पट्ट्यात, दुसऱ्याच्या विळ्याने. भाऊजींचाच जुना विळा. त्याला मी धार लावली होती.

"तिथे खोल आहे," ती मला म्हणाली. "डावीकडून ये."

मी डावीकडून आले. आम्ही शेजारी शेजारी कापत होतो. ती काही विचारत नव्हती, मी काही सांगत नव्हते. दर पेंढीला मी ठरवायची की आता बोलायचं, आणि पेंढी बांधून झाली की पुढची मूठ धरायची. तिच्या घरी नवरा भाऊजींच्याच लव्हाळ्याच्या चटया विणत होता. त्या चटयांच्या कोपऱ्यात लाल दोरा नव्हता. व्यापारी आला तेव्हा त्याने सगळा ढीग उलटापालटा केला आणि विचारलं, "लाल दोरेवाली कुठे गेली?" भाऊजी म्हणाले, "आता सगळा माल आमच्या घरचा." व्यापाऱ्याने या वेळी विनोद केला नाही.

सहा दिवस गेले. सातव्या दिवशी ती आली नाही. भाऊजी काठावर उभे राहून ओरडले, "आज तिचा दिवस होय? बिल्ला गेला तरी नखरे जात नाहीत! मजुरीवरची बाई, आणि सुट्टी घेते?" मग माझ्याकडे वळले. "तिचंही तूच काप. आज दोन्ही पट्टे झाले पाहिजेत."

मी कापलं. दोघींचं कापलं. दुपारनंतर पाठ अशी धरली की सरळ उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळं यायचं. हाताला चिरा, त्यांत चिखल. पायाच्या बोटांमध्ये आग. मोळी डोक्यावर घेऊन निघाले आणि नेहमीच्या रस्त्याने न जाता ओढ्यापलीकडून गेले. तिकडून लांब पडतं. का गेले ते मला माहीत होतं.

ती घराच्या पायरीवर बसली होती. आत माग झाकून ठेवलेला. नवरा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला. तिचे दोन्ही हात मांडीत, तळवे वर. हलत नव्हते ते हात. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण तिचे हात असे रिकामे कधी बघितले नव्हते, कारण त्या दिवशी मी कधी त्या बाजूला फिरकलेच नव्हते.

"मोळी उतरव," ती म्हणाली. "माठातलं पाणी घे. मी काढून देत नाही आज, तूच घे."

मी मोळी भिंतीला टेकवली. पाणी प्यायले. मग तांब्या हातात धरूनच बोलून टाकलं.

"तो दिवस मी सुचवला. पंचांना. मीच."

"माहीत आहे."

मी तांब्या पायरीवर ठेवला. "कधीपासून?"

"कालपासून. पंचांच्या बायकोच्या पोटात राहतं का काही? ऊन उतरताना कळलं. विळा घेऊन निघाले होते तुझ्याकडे."

"विळा घेऊन?"

"मग काय फुलं घेऊन? ओढ्यापर्यंत आले आणि सूर्य बुडाला, आमचा दिवस लागला. परत फिरले." तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते बघून मी अर्धं पाऊल मागे सरकले, पण हात मांडीतच होते. "आज भांडायचं नसतं आम्हाला. कुणाला वाईट बोलायचं नसतं. उद्या ये. उजाडल्यावर. उद्या तुला सोडत नाही मी."

 मी विचारलं ते भलतंच. "माझ्यासाठी हात का वर केलास तेव्हा?"

"चटई चांगली विणतेस म्हणून. आणखी कशासाठी करणार?" ती चिडून म्हणाली. "माझ्यापेक्षा घट्ट वीण आहे तुझी. मला काय डोळे नाहीत? दहा वर्षं जळतेय मी तुझ्या विणीवर."

नवऱ्याने डोळे न उघडता म्हटलं, "आज नाही. आज नाही." तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि समोर बघत बसली.

मी तिथून लगेच निघायला हवं होतं. पण मी तिच्या हातांकडे बघत राहिले. तिचा बिल्ला गेला होता, पट्टा गेला होता, खुर्ची गेली होती, लाल दोरा गेला होता. सगळं मीच घालवलं होतं. आणि तरीही, लाज सोडून सांगते, मला तिचाच हेवा वाटत होता. भाऊजी काठावर उभे राहून गळा फाडत होते आणि ती इथे बसून होती. माझ्या हातांना असा एक दिवस कुणी दिला नव्हता आणि मीही कधी मागितला नव्हता. मी बिल्लाच मागत बसले होते.

मोळी डोक्यावर चढवायला ती उठली नाही. तिला उठायचंच नव्हतं आज. मीच भिंतीला टेकून, गुडघ्यावर घेऊन, कशीबशी चढवली.

घरी जाऊबाई दारातच होत्या. "इतका वेळ कुठे होतीस? सगळा लव्हाळा सोलायचा पडलाय."

"उद्या सकाळी मी पाण्यात उशिरा उतरेन," मी म्हणाले.

"का?"

"बिल्लेवालीने बोलावलंय. भांडायला."

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! आपल्या घराशी भांडणार ती? त्यांना पाठव मग, घरच्या पुरुषाने जावं. तू कशाला मध्ये पडतेस?"

मी मोळी खाली टाकली.

"घराला नाही बोलावलं, जाऊबाई," मी म्हणाले. "मला बोलावलंय."